सायकली वाटल्या, हवा कोण भरणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जून आला की तुमच्या पेपरात दोन बातम्या दरवर्षी ठरलेल्या असतात. ३ जूनला जागतिक सायकल दिन म्हणून रॅली, पांढरे टी-शर्ट घातलेले साहेब लोक, आणि मग शाळा उघडल्या की मुलींना सायकल वाटपाचा फोटो. दोन्हींना माझी हरकत नाही, चांगलंच आहे. पण मी तालुक्याच्या गावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो, वडलांपासूनचं आहे, आणि त्या फोटोतल्या सायकली दिवाळीच्या आसपास माझ्याकडं कुठल्या अवस्थेत येतात ते फोटोत दिसत नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण ब्रेकचं आणि साइडपट्टीचं तेवढं ठेवा ही विनंती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या २३ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत पाहिजे. आधी ३५०० मिळायचे, २०२२ ला ५००० केले. योजना लाख मोलाची आहे, ज्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या त्या आता कॉलेजपर्यंत जायला लागल्यात हे मी दुकानात बसून रोज बघतोय. पण योजनेत सायकल आहे, पंप नाही, पाना नाही, तेलाची कुपी नाही. ५००० मध्ये चांगली लेडीज सायकल आता बसता बसत नाही, मग घरचे वरून पैसे घालतात नाहीतर हलकी घेतात. आणि हलकी काय भारी काय, सायकल दुकानात खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, जून-जुलैत गिऱ्हाइकांची झुंबड असते, पोऱ्या अर्ध्या तासात हँडल, पायडल, चाकं बसवून हातात देतो. नट आवळलेत का कोण बघतो.

नव्या सायकलीचं एक लोकांना कळत नाही. ब्रेकची वायर पहिल्या महिन्यात सैल पडते, चाकाच्या तारा पण थोड्या बसतात, त्यामुळं नवी सायकल महिन्याभरात एकदा मिस्त्रीकडं नेऊन सगळे नटबोल्ट आवळून, ब्रेक परत टाइट करून, चाकांचा आऊट म्हणजे वाकडेपणा काढून घ्यावाच लागतो. मोटरसायकलची पहिली सर्व्हिसिंग लोक तारीख लिहून ठेवून करतात, सायकलीची कोणीच करत नाही. वर नवीन आहे की, तिला काय होतंय असं म्हणतात. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, म्हणजे ते घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून आवळायचं. घाईत वाकडं लावलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात, मग पोरगी चढावर उभी राहून जोर लावते तेव्हाच पायडल निखळून हातात येतं. हनुवटी फुटलेली लेकरं मी बघितलीत.

आता ब्रेक. गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक पोरगी सायकल घेऊन आली, तक्रार काय तर काका चाकातून खर्रखर्र आवाज येतोय, तेल टाका. चाक फिरवून बघितलं तर मागच्या ब्रेकच्या गुटक्यांचं रबर पार संपलेलं, आतली लोखंडी पट्टी रिंगला घासत होती, रिंगवर नख अडकेल एवढी चर पडलेली. पुढच्या ब्रेकची वायरच नाही, घरच्यांनी काढून टाकलेली. म्हटलं मग थांबतेस कशी, तर तिनं पाय वर करून चप्पल दाखवली. जमिनीला घासून घासून डाव्या चपलेची टाच निम्मी उडालेली. कालव्याच्या पुलावरनं खाली उतरताना पण ती असंच थांबायची आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, वर्गातल्या बऱ्याच पोरी असंच करतात म्हणाली. आणि तेल टाका म्हणाली होती ते जर मी ऐकलं असतं आणि रिंगवर तेल गेलं असतं तर होता नव्हता तोही ब्रेक संपला असता. रिंगला आणि गुटक्याला तेलाचा थेंब पण लागू द्यायचा नाही, चुकून लागला तर साबणाच्या पाण्यानं पुसून काढायचा.

पुढचा ब्रेक काढून टाकायचं फॅड आमच्याकडं फार आहे. आईबाप स्वतः येऊन सांगतात, पुढचा ब्रेक काढा, पोरगं दाबतं आणि तोंडावर पडतं. मी काढत नाही, भांडण झालं तरी नाही काढत. सायकल थांबताना सगळं वजन पुढं येतं, पुढचं चाक जमिनीला दाबतं आणि मागचं हलकं होतं, त्यामुळं खरं थांबवण्याचं काम पुढचाच ब्रेक करतो, नुसता मागचा दाबला तर चाक घसरत जातं आणि सायकल कितीतरी लांब जाऊन थांबते. पलटी कधी होते तर घाबरून एकदम पुढचाच करकचून दाबला तर. म्हणून दोन्ही एकत्र, मागचा जरा आधी आणि पुढचा हळूहळू वाढवत, असं मोकळ्या मैदानात लेकराकडनं करून घ्या, एक दिवस पुरतो. वळणावर, वाळूवर, खडीवर पुढचा जोरात नको. बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा आणि डाव्या हाताला मागचा असतो, पण नवीन सायकल घेतली की हलवून बघून घ्या, उलटं जोडलेलं पण सापडतं.

तपासायला काही अक्कल लागत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला, मागचं चाक फिरायला नको, नुसतं घासत यायला पाहिजे. आणि लिव्हर दाबल्यावर हँडलच्या मुठीला टेकली तर वायर ढिली आहे, तशी सायकल घराबाहेर काढू नका. पावसात लोखंडी रिंगा ओल्या झाल्या की ब्रेक निम्मे पण लागत नाहीत, जुन्या दांडीच्या ब्रेकवाल्या सायकलींना तर देवाचं नाव घ्या, म्हणून उतार यायच्या आधीच दोनचार वेळा हलका ब्रेक मारून रिंगेवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग खरा ब्रेक लागतो.

हवेचं तर काय सांगू. आमच्याकडच्या दहा तक्रारींतल्या पाच हवेच्या असतात आणि त्या पाचातल्या दोन पंक्चरच्या नसतात. साध्या सायकलीच्या वॉलमध्ये, म्हणजे ट्यूबच्या हवा भरायच्या तोंडात, एक बारीक रबराची नळी असते, वालट्यूब म्हणतात, ती उन्हानं कडक होते, चिरते आणि रात्रीतनं हवा जाते, सकाळी घरचे म्हणतात पंक्चर झालं. वॉलवर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला तर वालट्यूब बदला, चहापेक्षा स्वस्त आहे. पण हे माहीत नसल्यामुळं पोरी तशाच कमी हवेवर सायकल दामटतात, मग खड्ड्यात चाक गेलं की ट्यूब रिंगेच्या दोन कडांमध्ये सापडून शेजारी शेजारी दोन चिरा पडतात आणि रिंग पण चेपते. चेपलेल्या रिंगेला ब्रेक झटके खात लागतो, म्हणजे हवेपासून सुरू झालेलं दुखणं ब्रेकपर्यंत जातं. टायरच्या बाजूला हवा किती भरायची ते छापलेलं असतं, बघायची तसदी घ्या. अंगठ्यानं वरून जोर लावून दाबा, जरासं दबलं तर ठीक, अंगठा आत जातोय तर हवा भरा. ज्या गिअरवाल्या जाड टायरच्या सायकलींना मोटरसायकलसारखा वॉल असतो त्यांची पोरं पेट्रोल पंपावर हवा भरायला जातात, तिथं जपून, ट्यूब लहान असते आणि मशिनचा जोर मोठा, डोळ्यादेखत टायर रिंगेतनं बाहेर येऊन फट्कन फुटतं.

आमच्या भागात दिवाळीनंतर सराटे वाळतात आणि बाभळीचे काटे तर बारमाही. पंक्चर काढून झालं की लगेच ट्यूब आत घालायची घाई करू नका, टायरच्या आतनं फडकं फिरवा, काटा असेल तिथं फडकं अडकतं. बोट फिरवू नका, माझ्या बोटांकडं बघून सांगतोय. पंक्चरवाले पण हे करत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तीच सायकल परत येते, काहींचा धंदाच तो आहे, जाऊ द्या.

चेनला लोक काय काय लावतात. खोबरेल तेल, गोडेतेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गॅरेजमधनं आणलेलं जळकं ऑइल. ते आधीच लोखंडाच्या कीसानं भरलेलं असतं, वर फुफाटा बसतो आणि चेन घासून घासून लांब होते, मग दात सोडते. पोरगी जोर लावते, चेन उतरते, पाय रिकामा जातो आणि मागनं ट्रॅक्टर. शिलाई मशीनचं तेल चालतं, साधं स्वस्त आहे. आधी चेन फडक्यानं पुसा, मग पायडल उलटं फिरवत एकेका कडीवर थेंब थेंब सोडा आणि पाच मिनिटांनी वरचं तेल परत पुसून टाका, आत गेलेलं तेलच कामाचं. बिनागिअरच्या सायकलीची चेन बोटानं वरखाली हलवली तर साधारण अर्धा इंच हलली पाहिजे, लोंबत असेल तर मागचं चाक ढिलं करून मागं ओढून घ्यावं लागतं. पावसाळ्यात आमची काळी माती मडगार्डमध्ये आणि ब्रेकमध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही, काडीनं काढा, बादलीभर पाणी ओता, पण वॉशिंग सेंटरच्या प्रेशरखाली सायकल धरू नका, चाकाच्या मधल्या हबमधलं ग्रीस निघून जातं आणि आतले छर्रे, म्हणजे लोखंडी गोळ्या, गंजतात. पावसाळा संपला की एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्या, सगळी खोलून छर्रे धुऊन नवं ग्रीस. तेवढं वर्षातनं एकदा केलं तर साधी सायकल पंधरा वर्षं जाते.

हे झालं सायकलीचं, आता बसणाऱ्याचं. सायकल घेताना आपले लोक वाढत्या अंगाचा झगा घ्यावा तशी घेतात, दोन वर्षांनी बसेल म्हणून आत्ताच मोठी. सीटवर बसून पायाची बोटंसुद्धा टेकत नाहीत, थांबायचं म्हणजे उडी मारायची, आणि अशा पोरीच्या मागच्या कॅरियरवर धाकटी बहीण. सायकल शिकणाऱ्या लेकराचे दोन्ही चवडे जमिनीला टेकलेच पाहिजेत. सीट वर घ्यायची असेल तर दांड्यावर एक खूण असते, ती खूण दिसायला लागली म्हणजे फार वर झाली, दांडा वाकतो किंवा निसटतो.

आणि धाकट्या बहिणीचं. कॅरियरवर बसलेल्या लहान लेकराची टाच चाकाच्या तारांत जाते. हे किती होतं ते कुठल्याही गावातल्या डॉक्टरला विचारा, टाचेमागची सगळी कातडी सोलून निघते, महिना महिना पट्ट्या. मागच्या चाकाला बाजूनं जाळी बसवून मिळते, पाय ठेवायला पायदान मिळतं, दोन्ही मिळून फार खर्च नाही. ओढणीचं पण तेच. शाळेचा ड्रेस पंजाबी, ओढणी पिनअप केलेली नाही, वाऱ्यानं मागं उडते आणि चाकात गुंडाळली की गळ्याला फास. ओढणी दोन्ही बाजूंनी कमरेला गाठ मारून बांधायची, सलवारीच्या उजव्या पायाला रबर लावायचं, चेनकव्हर तुटलं असेल तर आधी तेच बसवायचं. दप्तर हँडलला अडकवायचं नाही, डब्याची पिशवी पण नाही, ती पुढच्या चाकात जाते नाहीतर वळताना गुडघ्याला लागते. पावसात एका हातात छत्री आणि एका हातानं सायकल हे तर बंदच करा, रेनकोट घ्या नाहीतर भिजा.

रस्त्याबद्दल थोडं रागानं लिहितोय, माफी असावी. आमच्याकडं रस्ते सिमेंटचे झाले, छान झाले, गाड्या ऐंशीनं पळतात. पण काँक्रीटच्या कडेला साइडपट्टी भरलेलीच नाही, कितीतरी ठिकाणी वीतभर खोल कड आहे. मागनं हॉर्न वाजला की पोरगी बिचारी कडेला होते आणि चाक खाली उतरतं, परत वर घ्यायला गेली की टायर कडेला घासून सायकल रस्त्याच्या आतल्या बाजूला पडते, म्हणजे गाडीच्या पुढ्यात. यात पोरीची चूक काय? मुरूम टाकून रोलर फिरवायचं काम आहे, टेंडरमध्ये ते असतंच, झालं की नाही हे बघायला कोणी उतरत नाही. तोपर्यंत पोरींना मी हेच सांगतो की अगदी कडेच्या रेघेवरनं चालवू नका, हातभर आत चालवा, मागच्याला वाजवू दे हॉर्न. चाक खाली गेलंच तर तिरकं वर चढवायला जायचं नाही, थांबायचं, उतरायचं आणि सायकल उचलून वर घ्यायची.

दिवाळीनंतर ऊसतोड चालू होते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, टेप फुल्ल, ड्रायव्हरला मागचं काय पण शेजारचं ऐकू येत नाही. पोरं काय करतात, चढावर ट्रॉलीची साखळी धरून फुकटात ओढून घेतात आणि वर ऊस उपटत जातात. मजा वाटते, पण पुढच्या ट्रॉलीनं मागचीला हिसका दिला की सायकल सरळ चाकाखाली. आणि ट्रॉलीला ओव्हरटेक करूच नका, दुसरी ट्रॉली शेपटासारखी झोलते, अख्खा रस्ता खाते. थांबा, पुढं जाऊ द्या, शाळा दोन मिनिटांनी सुरू होईल. समोरनं येणारी गाडी दिसावी म्हणून बऱ्याच पोरी उजव्या बाजूनं चालवतात, आया पण तसंच सांगतात, ते चालणाऱ्यासाठी ठीक आहे, सायकल डावीकडनंच. कानात हेडफोन तर अजिबात नको, सायकलवाल्याचा आरसा म्हणजे कानच.

थंडीत क्लासवरनं परत येताना अंधार पडतो. रिफ्लेक्टर पुढं पांढरा, मागं लाल आणि पायडलला पिवळे, हे नव्या सायकलीला असतात, केंद्र सरकारनं २०२० साली त्यांच्या दर्जाचा आदेश पण काढलाय. पण पहिलं काय मोडतं तर तेच, आणि जे टिकतात त्यांच्यावर चिखल बसतो. येता जाता ओढणीच्या टोकानं पुसा. सेलवर चालणारा मागचा लाल लाइट शंभर-दीडशेला मिळतो, तो मात्र घ्याच.

हेल्मेटचं विचाराल तर गावात घालायला कोणी तयार नाही, पोरी हसतात एकमेकींना, आणि मी पण खोटं बोलणार नाही, ५००० च्या सायकलीसोबत हजाराचं हेल्मेट घ्या असं कुठल्या मजुराला सांगू? माझ्या मते आधी ब्रेक, मग हेल्मेट. पण जिचा रस्ता हायवेवरनं जातो तिच्यासाठी जमवाच. डोक्यावर सरळ बसलं पाहिजे, भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल एवढा घट्ट. एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं, वरनं चांगलं दिसत असलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो.

साहेब, २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. एवढ्या सायकली, पण तिला ना पासिंग ना पीयूसी ना इन्शुरन्स, म्हणून तिच्याकडं कोणाचंच लक्ष जात नाही. मी कायदा करा म्हणत नाही, सायकलीला कायदा लावला तर गरीबच मरेल. माझं म्हणणं एवढंच आहे की शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत एकदा, प्रत्येक शाळेनं एक शनिवार गावातल्या मिस्त्रीला बोलवावं. सकाळची शाळा असते, दोन तासांत शंभर सायकलींचे ब्रेक, हवा आणि नट बघून होतात, जिथं मोठं काम निघेल तिथं चिठ्ठी लिहून घरी द्यायची. मिस्त्रीला दिवसाची मजुरी शाळा व्यवस्थापन समितीनं द्यावी, आमच्यातले बरेच जण लेकरांसाठी फुकट पण येतील, मी तर येतोच, मुख्याध्यापकांनी बोलवायला पाहिजे. कार्यानुभवाच्या तासाला पोरींना पंक्चर काढायला शिकवा, कागदी फुलं त्यांना येतात आता. पंक्चरचं सोल्यूशन (चिकट द्रव) लावल्यावर ते सुकेपर्यंत थांबायचं असतं, ओल्यावर पॅच चिकटत नाही, एवढं जिला कळलं तिचं रस्त्यात अडत नाही. पुढं तालुक्यात एखादी मुलगी सायकल मिस्त्री झाली तर मला आनंदच आहे, माझी पोरं काही हे दुकान चालवणार नाहीत.

आणि शाळेत एक पंप ठेवा. पाचसहाशेत उभा पंप येतो, दोन्ही प्रकारच्या वॉलला बसेल असा तोंडाचा घ्या, सोबत दहा-अकराचा, बारा-तेराचा आणि चौदा-पंधराचा पाना, वालट्यूबची एक गुंडाळी. फक्त तो पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवू नका, शिपाई रजेवर गेला की चावी पण रजेवर जाते. सायकल स्टँडच्या खांबाला साखळीनं बांधून ठेवा.

आपला,
एक सायकल मिस्त्री
ता. अंबड, जि. जालना